‘मेंब्रेन गेलंय’: बालेवाडीतल्या एका आरओची तपासणी

बालेवाडीतली सात मजली सोसायटी, पाचव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात पाच माणसं. दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, ओट्याच्या वरच्या भिंतीला पाणी शुद्ध करणारं आरओ (क्षार अडवणारं), यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं) आणि यूएफ (अतिबारीक गाळणीचं) असं तिहेरी मशीन लागलं. पुढच्या जूनपर्यंत त्यातलं मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा, दोनदा बदललं गेलं होतं आणि तिसऱ्यांदा बदलायला सांगितलं होतं. तिन्ही वेळा मेकॅनिकचं निदान एकच: ‘मेंब्रेन गेलंय.’ पहिल्या वेळी ते चुकीचं होतं. दुसऱ्या वेळी बरोबर होतं, पण मेंब्रेन का गेलं हे कोणी पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी ते अर्धंच बरोबर होतं. आणि या सगळ्या काळात खरा धोका मशीनच्या ज्या भागात होता, त्याचं झाकण कुणी उघडलंच नव्हतं.

सुरुवात मशीनपासून नाही, सोसायटीच्या खालच्या टाकीपासून करावी लागते. तिथे तीन तोंडांनी पाणी पडतं: कॉर्पोरेशनची लाइन, सोसायटीची स्वतःची बोअर आणि टँकर. कॉर्पोरेशनचं पाणी खडकवासला साखळीतलं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं. घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून आलेलं, त्यामुळे क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांमधून मुरत आलेलं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. टँकरची गंमत अशी की कॉर्पोरेशनच्या पॉइंटवर भरलेला टँकर आणि खासगी विहिरीवर भरलेला टँकर बाहेरून सारखाच दिसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने टाकीत मुख्यतः धरणाचं पाणी असतं. फेब्रुवारीपासून बोअर आणि टँकरचा वाटा वाढत जातो. म्हणजे स्वयंपाकघरातला नळ एकच, पण वर्षातून दोन वेगळी पाणी त्यातून येतात. मशीन बसवताना ऑक्टोबरचं पाणी मोजलं गेलं आणि सगळी जुळणी त्या एका दिवसाच्या आकड्यावर झाली.

घरातल्या सुनेने पहिल्या दिवसापासून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) दाखवणाऱ्या पेनच्या आकड्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले होते. ते नसते तर पुढचा उलगडा झाला नसता.

मार्चमधलं पहिलं मेंब्रेन

ऑक्टोबरचे आकडे असे: नळाला ११८, मेंब्रेनमधून निघालेलं पाणी ७, आणि मशीनच्या तोटीला ५८. ७ चे ५८ कसे झाले? मेंब्रेनच्या बाजूने जाणारी एक बायपास नळी असते आणि तिच्यावर स्क्रू फिरवायचा छोटा वॉल्व. त्यालाच टीडीएस कंट्रोलर किंवा ॲडजस्टर म्हणतात. सात टीडीएसचं पाणी सपक लागतं, म्हणून थोडं न गाळलेलं पाणी त्यात मिसळायचं. या मशीनमध्ये बायपास कार्बन फिल्टरनंतर निघतो आणि यूव्हीच्या आधी परत मिळतो. किती मिसळलं जातं ते तीन आकड्यांवरून काढता येतं: ५८ वजा ७ म्हणजे ५१, ११८ वजा ७ म्हणजे १११, ५१ भागिले १११ म्हणजे ०.४६. तोटीतून येणाऱ्या प्रत्येक शंभर थेंबांतले सेहेचाळीस मेंब्रेनला शिवलेलेच नव्हते. ११८ च्या पाण्याला ते चालून जातं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चहावर तवंग यायला लागला. तूरडाळ नेहमीच्या तीन शिट्ट्यांत शिजेना. दाणा मऊ व्हायचा, पण मिळून यायचा नाही. हे जड पाण्याचं घरगुती मीटर आहे आणि ते क्वचितच खोटं बोलतं. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. सुनेने पेन लावलं. नळाला ९२०, तोटीला ४५५.

मेकॅनिकने ४५५ पाहिले आणि मेंब्रेन बदललं. नवीन मेंब्रेननंतर तोटीला ४४८. मग त्याने कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद केला आणि आकडा ४६ वर आला. घरच्यांना वाटलं, मेंब्रेनने काम केलं. फोटोंच्या वेळा पाहिल्या तर गोष्ट उघड आहे: मेंब्रेनमुळे आकडा सातने उतरला आणि स्क्रूमुळे चारशे दोनने.

उलटा हिशेब केला की जुन्या मेंब्रेनची अवस्थाही कळते. ९२० चे ४६ टक्के म्हणजे ४२३. ४५५ मधून ते वजा केले की उरतात ३२, आणि हे उरलेल्या ५४ टक्के पाण्यातून आले. म्हणजे जुनं मेंब्रेन ५९ टीडीएसचं पाणी देत होतं. ९२० चे ५९, म्हणजे साडेत्र्याण्णव टक्क्यांहून जास्त क्षार अडवले जात होते. नवीन मेंब्रेन पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडवतं आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या खाली उतरलं की बदलायची वेळ येते. पाच महिने वापरलेलं ते मेंब्रेन सुस्थितीत होतं. ते मेकॅनिक घेऊन गेला.

यात लबाडी असेलच असं नाही. घरोघरी फिरणाऱ्या माणसाकडे एकच पेन असतं, तो ते तोटीला लावतो आणि तोटीचा आकडा दोन प्रवाहांचं मिश्रण दाखवतो. बायपास बंद केल्याशिवाय मेंब्रेनबद्दल काहीही बोलता येत नाही. फिल्टरवाला घरात आला की पहिली विनंती हीच करावी: ‘दादा, आधी कंट्रोलर बंद करा आणि मेंब्रेनची नळी काढून थेट तिथलं पाणी मोजा.’

वेस्टचं पाणी आणि एक चांगला हेतू

मार्चअखेरीस पाणीकपातीची चर्चा सुरू झाली. सासूबाईंनी मशीनची वेस्टची नळी बादलीत सोडून पाहिली. पिण्याचा आणि स्वयंपाकाचा रोजचा वापर पंचवीस लिटर, आणि बाहेर टाकलं जाणारं पाणी त्याच्या दुपटीहून जास्त. ‘टँकर विकत घ्यायचा आणि तो असा मोरीत सोडायचा?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मेकॅनिकने वेस्टचा प्रवाह ठरवणारा मूळचा फ्लो रिस्ट्रिक्टर काढून तिथे फिरवता येणारा निडल वॉल्व बसवला आणि तो आवळला. वेस्ट एका बादलीवर आलं. घरात सगळे खूश.

मेंब्रेन म्हणजे चाळणी नव्हे. चाळणीवर कचरा साठला तर झटकता येतो. मेंब्रेनवर अडलेले क्षार वाहून न्यायला पाणीच लागतं आणि ते पाणी म्हणजे वेस्ट. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) घरगुती मेंब्रेन मिनिटाला साधारण १८० ते १९० मिलि शुद्ध पाणी देतं. त्याला ४५० चा, म्हणजे मिनिटाला ४५० मिलि वेस्ट सोडणारा रिस्ट्रिक्टर लावला तर आत येणाऱ्या पाण्यापैकी तीस टक्क्यांच्या आसपास पिण्याला मिळतं आणि बाकीचं क्षार घेऊन जातं. आवळलेल्या वॉल्वमधून वेस्ट होतं मिनिटाला फक्त ११५ मिलि. १८० आणि ११५ मिळून २९५. म्हणजे एकसष्ट टक्के पाणी पिण्याला आणि एकोणचाळीस वेस्टला. ऐकायला छान. पण जे क्षार आधी २९५ मिलि पाण्यात पसरलेले होते ते आता ११५ मध्ये कोंबले गेले, अडीच पटीहून जास्त दाट. नळाच्या पाण्याची काठिण्य पातळी (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) ड्रॉप किटवर ४८० आली होती. मेंब्रेनच्या शेवटच्या टोकाला ती बाराशेच्या घरात गेली. इतकं कॅल्शियम पाण्यात विरघळून राहूच शकत नाही. किटलीत जसा पांढरा थर धरतो तसा तो मेंब्रेनवर बसतो.

मेच्या मध्याला टाकी भरायला दीड तास लागू लागला आणि तोटीचा आकडा दीडशेवर गेला. मेंब्रेन पुन्हा बदललं. या वेळी सोबत पांढऱ्या गोळ्यांचं अँटिस्केलंट कार्ट्रिजही लागलं. निडल वॉल्वला मात्र कोणी हात लावला नाही. त्या गोळ्या पॉलिफॉस्फेटच्या असतात. क्षार बसायची क्रिया त्या लांबवतात, पण अडीचपट दाट झालेल्या पाण्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

या वेळी काढलेलं मेंब्रेन बाल्कनीत, रिकाम्या कुंडीत पडलेलं सापडलं. पुणेकर घरात काहीही टाकून दिलं जात नाही, ते इथे उपयोगी पडलं. नव्या मेंब्रेनच्या तुलनेत ते हाताला जड लागत होतं. बाहेरची निळी टेप कापून वळकटी उलगडली. आतल्या बाजूची जाळी वाळूसारखी कचकचत होती आणि वेस्ट निघतं त्या टोकाच्या चार बोटं भागावर पांढरा थर होता. त्यावर अर्धं लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले, फेस धरला आणि थर विरला. तो कॅल्शियम कार्बोनेट होता, म्हणजे खडूच. पिवळट-तपकिरी आणि बुळबुळीत थर निघाला असता तर कारण वेगळं ठरलं असतं, गाळ किंवा जैविक थर, आणि दोष गाळ अडवणाऱ्या सेडिमेंट फिल्टरकडे गेला असता. मेंब्रेन टाकण्याआधी एकदा चिरून पाहावं. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचं मेंब्रेन वाचतं.

जूनमधली तपासणी

लागणारं सामान थोडं: टीडीएस पेन, ५०० मिलिचं मोजपात्र, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, काठिण्याचं ड्रॉप किट, क्लोरीन पाहायचं ओटी किट आणि हाउसिंग उघडायचा पाना. आधी प्लग काढायचा आणि इनलेटचा वॉल्व बंद करायचा. पंप २४ व्होल्टवर चालतो, पण यूव्हीचा चोक बऱ्याच मशीनमध्ये २३० वर असतो. यूव्हीचा दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

पेनही एकदा तपासून घ्यावं. ते क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि ठरीव गुणकाने आकडा दाखवतं. जंतू, कीटकनाशकं, तेल यांचा त्याला पत्ताच नसतो. डिस्टिल्ड वॉटरच्या पेल्यात गटाराच्या पाण्याचा एक थेंब टाकला तर आकडा जेमतेम एकदोनने हलेल. पाणी मात्र पिण्याच्या लायकीचं राहणार नाही.

बायपास बंद ठेवून, मशीन दहा मिनिटं चालवून घेतलेली मोजमापं अशी होती. नळाला ९४०. मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीत १२८, मिनिटाला ७८ मिलि. वेस्टच्या नळीत १,४८०, मिनिटाला ११५ मिलि. आकडे एकमेकांशी जुळतात का, हे इथेच पडताळून घ्यायचं. आत जाणारं पाणी ७८ अधिक ११५, म्हणजे १९३ मिलि. आत गेलेले क्षार १९३ गुणिले ९४०. त्यातून शुद्ध पाण्याबरोबर गेलेले, ७८ गुणिले १२८, वजा करायचे आणि ११५ ने भागायचं. उत्तर १,४९० येतं. मोजलेलं १,४८०, म्हणजे मापं विश्वासार्ह. मोजलेला आकडा फार वेगळा आला असता तर मोजताना कुठेतरी चूक झाली, असं समजायचं.

क्षार अडवण्याचं प्रमाण शहाऐंशी टक्के. महिन्याच्या मेंब्रेनला हे कमी आहे, पण मेंब्रेन मेलेलं नाही. खरी गडबड प्रवाहात होती: १८० च्या जागी ७८. प्रवाह घटतो आणि टीडीएस हळूहळू चढतो, तेव्हा थर धरलेला असतो. प्रवाह वाढतो आणि टीडीएस उसळतो, तेव्हा मेंब्रेन फाटलं आहे किंवा क्लोरीनने खाल्लं आहे. प्रवाह ठीक असताना टीडीएस एका दिवसात चढला, तर आधी मेंब्रेनच्या नळीवरच्या दोन ओ-रिंग पाहाव्यात. एक जरी चिरली तरी कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात शिरतं. पाच रुपयांच्या रिंगपायी मेंब्रेन बदलल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

क्लोरीनचा मुद्दा वेगळा तपासला. टँकर आल्यावर सोसायटीचा माणूस खालच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो. मेंब्रेनचा पातळ थर पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन त्याला हळूहळू खातं. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर फिकट पिवळा रंग आला, ०.३ च्या आसपास. कार्बन फिल्टरनंतरच्या नमुन्यात रंग आला नाही. कार्बन काम करत होता. बाहेरचा सेडिमेंट फिल्टर (स्पन) मात्र चॉकलेटी झालेला होता. तो वर्षभर, पुढच्या दिवाळीपर्यंत, टिकेल असं सांगितलं गेलं होतं. टँकरच्या महिन्यांत तो दोन महिने टिकला तरी पुष्कळ.

मेंब्रेन सायट्रिक ॲसिडने, म्हणजे दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं त्याने, धुऊन पाहायचं ठरलं. मेंब्रेन पक्कडीने नळीला धरून ओढून काढलं. काढताना काळी रबरी सील कोणत्या टोकाला आहे त्याचा फोटो घेतला, कारण उलटं बसलं तर पाणी बाजूने निसटतं. उंच प्लास्टिकच्या डब्यात दोन लिटर शुद्ध पाणी, त्यात चाळीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पाणी कोमट, हाताला सोसेल इतपतच. दोन तास बुडवून ठेवलं, अधूनमधून हलवलं. मधे द्रावण गढूळ झालं म्हणून एकदा बदललं. फरशीचं ॲसिड किंवा ब्लीच यासाठी कधीही वापरू नये. परत बसवून पहिल्या दोन टाक्या ओतून दिल्या.

प्रवाह ७८ वरून १५० वर आला, टीडीएस १२८ वरून ६८ वर. तिसरं मेंब्रेन विकत घ्यावं लागलं नाही. हे नेहमी जमतं असं नाही. महिनाभराचा कार्बोनेटचा थर आम्लात विरघळतो. वर्षभराचा किंवा सिलिका मिसळलेला थर असेल तर श्रम वाया जातात.

निडल वॉल्व काढून ४५० चा ठरीव रिस्ट्रिक्टर पुन्हा बसवला. वेस्ट मिनिटाला ४४० मिलि झालं. पिण्याला पंचवीस टक्के, वेस्टला पंचाहत्तर. मेंब्रेनच्या टोकाची काठिण्य पातळी बाराशेवरून साडेसहाशेच्या खाली. थर पूर्ण थांबणार नाही, पण वेग पुष्कळ कमी होईल. सासूबाईंना हा आकडा पटणं कठीण होतं, कारण पंचवीस लिटरमागे त्र्याहत्तर लिटर बाहेर जाणार होते. त्यावर दोन गोष्टी झाल्या. भाजी धुवायला आणि भांडी विसळायला आरओचं पाणी वापरणं थांबलं. रोजची गरज अठरा लिटरवर आली. आणि वेस्टची नळी मोरीऐवजी साठ लिटरच्या पिंपात सोडली. साडेबाराशेच्या आसपास टीडीएस असलेलं ते पाणी फ्लशला आणि फरशी पुसायला जातं. कपड्यांना नको, साबण फेसाळत नाही. कुंड्यांना तर नकोच. मातीत क्षार साठून पानांच्या कडा जळतात.

सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी गच्चीवर सॉफ्टनर बसवायचा विषय काढला. एक गैरसमज तिथेच दूर करावा लागला: सॉफ्टनरने टीडीएस उतरत नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे पेनचा आकडा जवळपास तोच राहतो. पण थर धरत नाही, गीझर वाचतात आणि प्रत्येक फ्लॅटच्या आरओचं वेस्ट सुरक्षितपणे कमी करता येतं. मीठ टाकून सॉफ्टनर पुन्हा ताजा करण्याचं काम (रिजनरेशन) कोण करणार, यावर विषय अडला आहे.

झाकणाखाली

आता ज्या भागाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं तो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून पुण्यात पाण्याचा विषय निघाला की जंतूंची भीती आधी निघते, आणि उत्तर म्हणून लोक टीडीएस पेन पुढे करतात. या घरानेही आठ महिने पेनच पाहिलं. म्हणून दोन नमुने प्रयोगशाळेत दिले: एक स्वयंपाकघरातल्या नळाचा, एक मशीनच्या तोटीचा. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी लागते. ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारायला त्यात थायोसल्फेट असतं, ते विसळून टाकायचं नाही. तोटी स्पिरिटने पुसायची, पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं, बाटली काठोकाठ भरायची नाही, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची.

अहवाल उलटा आला. नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जंतू) नाहीत. मशीनच्या तोटीच्या पाण्यात कोलिफॉर्म आहेत. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, दोन्हीकडे नाही, एवढाच दिलासा. सोबत नळाच्या पाण्यातलं नायट्रेट लिटरमागे ५२ मिलिग्रॅम निघालं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला सूट नाही. टीडीएसचं तसं नाही. ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. बायपास बंद ठेवायला टीडीएसपेक्षा हे नायट्रेट मोठं कारण होतं.

शुद्ध केलेलं पाणी नळापेक्षा वाईट कसं? कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो. मेंब्रेनसाठी ते गरजेचं असतं. त्यामुळे पुढच्या सगळ्या वाटेवर पाण्याला राखण नसते. यूव्ही आणि यूएफ वाटेत आहेत, पण या मशीनमध्ये पाणी त्यानंतर आठ लिटरच्या प्लास्टिक टाकीत साठतं आणि टाकी शेवटची. टाकीत जे शिरलं त्यावर पुढे काहीच उपाय नाही. झाकण उघडलं तर फ्लोटच्या दांडीला आणि कोपऱ्यांना बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. ऑक्टोबरपासून टाकी एकदाही धुतली गेली नव्हती. शिवाय मेमध्ये मशीन मंद झालं तेव्हा दोनतीनदा वीस लिटरच्या जारचं पाणी वरून टाकीत ओतलं गेलं होतं. सर्व्हिसिंग म्हणजे कँडल (फिल्टर) बदलणं, असाच समज दोन्ही बाजूंचा.

यूव्हीही पाहिला. दिवा निळा पेटत होता, पण त्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर दुधी थर होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये बायपासमधून आलेलं जड पाणी या नळीला घासूनच जात होतं. प्रकाश दिसणं आणि पाण्यापर्यंत पुरेसा पोचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नळी त्याच सायट्रिकच्या द्रावणात भिजवून मऊ फडक्याने पुसली. बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून शेवटी स्पिरिट.

टाकीसाठी ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट वापरलं. आठ लिटरमध्ये ५० पीपीएम (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) हवं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम क्लोरीन; या द्रावणाच्या एका मिलिमध्ये ते ४० मिलिग्रॅम असतं, म्हणून दहा मिलि. आधी थर स्पंजने घासून काढला. मग टाकी शुद्ध पाण्याने भरून दहा मिलि घातलं, तोटीतून एक पेला काढून तोटीचा आतला भागही भिजवला आणि अर्धा तास ठेवलं. नंतर सगळं तोटीतूनच सोडून दिलं आणि वास जाईपर्यंत तीनदा भरून रिकामं केलं. हे द्रावण फक्त टाकीत. मेंब्रेनच्या वाटेवर एक थेंबही जाता कामा नये. दहा दिवसांनी दिलेला दुसरा नमुना स्वच्छ आला. तोवर घरात पाणी उकळून, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवून, पीत होते. आता टाकी दर महिन्याला धुतली जाते आणि जारचं पाणी वरून ओतायला बंदी आहे.

ऑगस्टमध्ये

धरणं भरली, टँकर थांबले, बोअर बंद ठेवली. नळाचा आकडा १२६ वर आला, काठिण्य निम्म्याहून खाली, नायट्रेटचा प्रश्न उरला नाही. मेंब्रेनमधून येणारं पाणी ९ टीडीएसचं. घरात सगळ्यांनाच ते सपक लागायला लागलं. यूव्हीची नळी साफ आणि अहवाल हातात आल्यावरच बायपास पुन्हा उघडला आणि तोटीला ६३ येईल तिथे थांबला. त्या ठिकाणी स्क्रूवर आणि बॉडीवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली आहे. पूर्ण बंद केल्यावर ती रेघ कुठे येते, तिथे दुसरा लाल ठिपका. नियम एकच ठरला: महिन्याच्या एक तारखेला नळाचं पाणी मोजायचं आणि आकडा ३०० च्या वर गेला की स्क्रू ठिपक्यावर. डाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ लागली तर तारखेची वाट पाहायची नाही.

रिस्ट्रिक्टर ४५० चाच ठेवला. या पाण्याला ३०० चा चालला असता, पण वर्षातून दोनदा तो बदलायला कोणी येणार नाही आणि फेब्रुवारीत विसरला गेला तर पुन्हा मेंब्रेनवर खडू. तशीही आता वाया जाण्याची तक्रार उरली नाही. पिंपातलं वेस्ट मोजलं तर १७०. मार्चमध्ये विकत घेतलेल्या टँकरच्या पाण्याहून कितीतरी हलकं. सासूबाईंनी ते कपड्यांना आणि तुळशीला वळवलं आहे. स्क्रू लाल ठिपक्यावर गेला की नळी पुन्हा फ्लशच्या पिंपात.